एफडी मोडू, एसआयपी थांबवू की कार्डावर टाकू? नाताळच्या खर्चाचा हिशेब

प्रश्न : मी २६ वर्षांची. वसई पश्चिमेकडच्या गावात आईवडील आणि भावासोबत राहते, अंधेरीला एका खासगी कंपनीत काम करते. १ तारखेला हातात ४६,००० येतात. आईकडे १२,०००, शैक्षणिक कर्जाचा हप्ता ६,२००, दर २० तारखेला एसआयपी (म्युच्युअल फंडात दरमहा जाणारी ठरावीक रक्कम) ५,०००, पास आणि रिक्षा ३,४००, डबा ३,०००, मोबाइल ९००. शुक्रवारची कॉफी, पार्लर, एखादा टॉप, बाहेरून मागवलेलं जेवण यात साडेसात हजार जातात. उरलेल्या ८,००० चं काय होतं, खरंच कळत नाही. आज २९ नोव्हेंबरला खात्यात ३०,००० आहेत. ऑक्टोबर २०२४ मध्ये दोन वर्षांसाठी ७ टक्क्यांनी केलेली १,२०,००० ची एफडी आहे. क्रेडिट कार्डाची मर्यादा दीड लाख; ऑक्टोबरच्या सेलमधल्या खरेदीचं १८,६०० चं बिल २ डिसेंबरपर्यंत भरायचं आहे. नाताळचा खर्च ४३,००० काढलाय, यादी सोबत दिलीय. शिवाय ३१ डिसेंबरला मैत्रिणींबरोबर गोवा, १६,०००. त्यातले ४,००० आगाऊ दिलेत, ते परत मिळणार नाहीत. फोनची बॅटरी टिकत नाही म्हणून ४८,००० चा नवा फोन बारा महिन्यांच्या नो-कॉस्ट ईएमआयवर घ्यायचा विचार आहे. मग एफडी मोडू, तीन महिने एसआयपी थांबवू, की कार्डाची किमान रक्कम भरून बाकी सगळं कार्डावर टाकू? जानेवारीत २५,००० इन्सेंटिव्ह मिळेल असं ऑफिसात बोललं जातंय. भाऊ म्हणतो, आधी कॉफी बंद कर.

उत्तर : कॉफी चालू ठेवा. कार्डाचं बिल मात्र आजच्या आज पूर्ण भरा, एफडीला हात लावू नका, एसआयपीचा फक्त डिसेंबरचा हप्ता थांबवा आणि नाताळ २५,००० मध्ये बसवा. फोन फेब्रुवारीनंतर. गोवा यंदा सोडा. हे असंच का, ते आता आकड्यांत बघू.

सुरुवात कार्डापासून, कारण तुमच्या तिन्ही पर्यायांत सगळ्यात निरुपद्रवी वाटणारा आणि सगळ्यात महाग पडणारा पर्याय तोच आहे. १८,६०० वर पाच टक्क्यांप्रमाणे किमान रक्कम ९३० येते. ती भरली की बँक दंड लावत नाही, ॲपवर हिरवी खूण दिसते, आणि बाकीचे १७,६७० नाताळला मोकळे झाले असं वाटतं. पण बिल पूर्ण भरलं नाही की बिनव्याजी मुदत रद्द होते आणि व्याज खरेदीच्या तारखेपासून धरलं जातं, २ डिसेंबरपासून नव्हे. बहुतेक कार्डांवर महिन्याला साडेतीन ते पावणेचार टक्के व्याज असतं. ३.६ टक्के धरू. तुमची खरेदी सरासरी २२ ऑक्टोबरची मानली, तर २ डिसेंबरपर्यंत ४१ दिवस १८,६०० वर आणि १२ डिसेंबरला पुढचं बिल निघेपर्यंत आणखी १० दिवस १७,६७० वर व्याज लागेल. ते होतं १,११० च्या आसपास. वर १८ टक्के जीएसटी धरून १,३१०. म्हणजे तुम्ही भरणार ९३० आणि पुढच्या बिलात देणं दिसणार जवळपास १८,९८०. पैसे भरूनही कर्ज वाढलेलं.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. जुनी बाकी राहिली की नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत. ६ डिसेंबरला घेतलेल्या साडीवर ६ डिसेंबरपासूनच व्याज. तुमच्या यादीतले नाताळचे ४३,००० आणि गोव्याचे उरलेले १२,००० कार्डावर टाकले तर एकूण बाकी ७२,००० च्या वर जाते आणि जीएसटीसकट व्याजच महिन्याला ३,१०० च्या घरात पोहोचतं. फोनचा ४,००० चा हप्ता गेल्यावर तुमच्या त्या 'कळत नाही' वाल्या ८,००० मधून कार्डासाठी ४,००० उरतील. त्यातले ३,१०० व्याजात गेले की मूळ रक्कम महिन्याला ९०० ने कमी होणार. फोन घेतलाच नाही आणि पूर्ण ८,००० कार्डाला दिले, तरी हे बिल फिटायला पुढचा नाताळ उजाडेल आणि सुमारे २१,००० जास्त गेलेले असतील. फोन धरून दीड लाखाच्या मर्यादेपैकी ८० टक्के वापरली जाईल, ती वेगळीच गोष्ट. वापर ३० टक्क्यांच्या वर गेला की क्रेडिट स्कोअर साधारणपणे घसरू लागतो.

तेव्हा आज खात्यातल्या ३०,००० मधून १८,६०० भरून टाका. पगाराची वाट बघायचं कारण नाही. दुसऱ्या बँकेच्या खात्यातून भरलेली रक्कम कार्डाला जमा दिसायला कधी कधी एखादा दिवस जातो, आणि देय तारखेनंतर तीन दिवसांपर्यंत दंड लागत नाही या नियमाच्या भरवशावर राहू नका. भरताना ॲपमध्ये 'एकूण देय' निवडलंय ना ते बघा. बऱ्याच ठिकाणी 'किमान देय' आधीच निवडलेलं असतं. शिवाय १२ नोव्हेंबरला बिल निघाल्यानंतरच्या, अजून बिलात न आलेल्या खरेद्या तपासा. नोव्हेंबरअखेरच्या सेलमधलं काही तिथे बसलं असेल तर ते जानेवारीत समोर येईल. ३१ डिसेंबरपर्यंत कार्ड घरी, कपाटात. ऑनलाइन दुकानांत साठवलेला कार्डाचा तपशीलही काढून टाका, नाहीतर कपाटातल्या कार्डाचा काही उपयोग नाही.

एफडी मोडण्याचा विचार कार्डापेक्षा बरा आहे, तरी माझं मत नाही असंच. मुदतीआधी मोडली की तुम्हाला ठरलेले ७ टक्के मिळत नाहीत. जितके महिने ठेवली, त्या मुदतीला तेव्हा जो दर होता तो मिळतो आणि त्यातूनही अर्धा ते एक टक्का कापला जातो. समजा १४ महिन्यांचा दर ६.८ होता आणि एक टक्का गेला, तर ५.८ टक्क्यांनी हिशेब होईल. आजवरचं व्याज १०,१०० ऐवजी ८,३०० च्या आसपास. नुकसान साधारण १,८०० चं. एवढ्यावर भागलं असतं तर मी फार ओरडलो नसतो. खरी अडचण पुढे आहे. तुमचा टाळता न येणारा खर्च, म्हणजे आईकडे देता ते, कर्जाचा हप्ता, प्रवास, डबा आणि मोबाइल, महिन्याला २५,५०० आहे. १,२०,००० म्हणजे नोकरी गेली तर साडेचार महिन्यांची सोय. तुमच्याकडे हा एवढाच राखीव पैसा आहे. त्यातून कपडे आणि गोवा झालं, की पुन्हा तेवढे जमायला वर्ष दीड वर्ष लागेल.

मात्र डिसेंबरात खरंच काही अडलं, घरात कोणी आजारी पडलं वगैरे, तर एफडी मोडण्याऐवजी त्याच बँकेत एफडीवर ओव्हरड्राफ्ट, म्हणजे एफडी तारण ठेवून लागेल तेवढं उचलायची सोय, मागा. साधारण ९० टक्क्यांपर्यंत मिळतो, व्याज एफडीच्या दरापेक्षा एक ते दोन टक्के जास्त, आणि तेही वापरलेल्या रकमेवर, वापरलेल्या दिवसांपुरतंच. १०,००० दोन महिने वापरले तर आठ टक्क्यांनी १३० रुपये. एफडी आईबरोबर संयुक्त नावाने असेल तर त्यांचीही सही लागेल, म्हणून हे आत्ताच विचारून ठेवा. नाताळच्या खरेदीसाठी मात्र ही सोय वापरू नका. स्वस्त आहे म्हणून दर डिसेंबरला वापरली जाते, मग दर मार्चला तिची परतफेड राहून जाते.

एसआयपीबद्दल लोकांनी उगाच भीती घालून ठेवली आहे. एक हप्ता चुकल्याने कुणाची निवृत्ती बिघडत नाही. डिसेंबरचे ५,००० थांबवा आणि फेब्रुवारीत त्याच योजनेत एकरकमी ५,००० भरून जागा भरून काढा. तीन महिने थांबवायला माझा विरोध आहे, कारण जानेवारी-फेब्रुवारीत तुमच्याकडे सणाचा खर्च नाही. ते १०,००० नुसते विरघळतील. थांबवताना 'पॉज' निवडा, 'रद्द' नको. रद्द केली की नव्याने नोंदणी करावी लागते, बँकेची परवानगी पुन्हा घ्यावी लागते आणि ते काम पुढच्या महिन्यावर जात राहतं. पॉजची विनंती बहुतेक फंडांना हप्त्याच्या दहा ते पंधरा दिवस आधी लागते. तुमची तारीख २०, म्हणून सोमवारी, १ डिसेंबरलाच विनंती टाका. उशीर झाला तर खात्यात पैसे कमी ठेवून हप्ता परत जाऊ देण्याची युक्ती करू नका. परतलेल्या प्रत्येक हप्त्याला बहुतेक बँका अडीचशे ते पाचशे आणि वर जीएसटी लावतात. वेळ निघून गेलीच तर हप्ता जाऊ द्या आणि खाली दिलेल्या यादीतून तेवढे कमी करा.

आता डिसेंबरचा हिशेब मांडू. कार्डाचं बिल भरल्यावर खात्यात ११,४००. पगार धरून ५७,४००. एसआयपी सोडून ठरलेले खर्च २५,५००, उरले ३१,९००. रोजच्या मजेला ४,५०० बाजूला, उरले २७,४००. त्यातले २५,००० नाताळचे आणि ३१ तारखेला खात्यात २,४००. तंग आहे, पण १ जानेवारीला पगार येताना मागचं काहीही देणं नसेल.

४३,००० चे २५,००० करताना सगळीकडे सारखी कात्री लावू नका. चर्चसाठी काढलेले २,००० मी जसेच्या तसे ठेवतो. तो तुमच्या श्रद्धेचा भाग आहे, त्यात मला बोलायचं नाही. सगळ्यात मोठा आकडा कपड्यांचा आहे, १५,५००. भाऊ कमावता असेल तर त्याचे कपडे त्याने घ्यावेत. कॉफीवर मत देणाऱ्याने एवढं करायला हरकत नाही. आईवडिलांना ५,०००, तुम्हाला ३,५००, एकूण ८,५००. इथे एक बारकावा उपयोगी पडेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून तयार कपड्यांच्या एका नगाची किंमत २,५०० पर्यंत असेल तर ५ टक्के जीएसटी आणि त्यापुढे १८ टक्के. कराआधी २,५०० चा ड्रेस बिलात २,६२५ ला पडतो, २,६०० चा ३,०६८ ला. शंभर रुपयांच्या फरकाला ४४३ मोजायचे. सवलत वजा झाल्यावरची किंमत धरली जाते, म्हणून थोडी घासाघीस करून २,५०० च्या आत आलात तर दुहेरी फायदा. कापड घेऊन शिवणार असाल तर १० डिसेंबरच्या आत शिंप्याकडे टाका. २० तारखेला 'झालं नाही हो अजून' ऐकून घाईत तयार ड्रेस घेतला, की दोन्हीचे पैसे जातात.

फराळ आणि केकला तुम्ही ७,००० धरलेत, ५,५०० पुरतील. घरच्या केकचा अंदाज सोपा आहे. पाव किलो मैदा, पाव किलो लोणी, पाव किलो साखर, चार-पाच अंडी आणि साडेतीनशे ते चारशे ग्रॅम सुकामेवा, यात सव्वा किलोच्या आसपास केक होतो आणि खर्च सहाशेच्या घरात राहतो. निम्मा खर्च सुकामेव्याचा. सजवलेल्या डब्यातला किंवा 'केक मिक्स' म्हणून मिळणारा घेऊ नका. मनुका, बेदाणे, टुटीफ्रुटी, काजूतुकडा सुटा घ्या. केकमध्ये अख्खा काजू घालून कुणाला दिसत नाही. रममध्ये मुरवायचा असेल तर उद्या, आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळआधीच्या चार आठवड्यांच्या, पहिल्या रविवारी घातला तरी साडेतीन आठवडे मिळतात. असे दोन केक केले तर १,२०० मध्ये घरचं आणि शेजारच्या ताटांचं भागेल. ओव्हन नसेल आणि ओळखीच्या बेकरीत मिश्रण भाजून मिळत असेल तर तसं करा, फक्त केकसाठी ओव्हन घ्यायला निघू नका. ऑफिसात वाटायला बेकरीचा घेतलात तर बिल बघा. केकवरचा जीएसटीही त्याच तारखेपासून १८ वरून ५ टक्के झाला आहे. उरलेल्या ४,३०० मध्ये करंज्या, कुलकुल आणि दोदोल बसतात. नारळ आणि गूळ महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात घेऊन ठेवा. दोदोल ढवळायला घरात हात कमी असतील तर तेवढाच विकत आणा, अर्धा किलो पुष्कळ.

सजावटीला ३,५०० कशाला? बांबूचा स्टार गेल्या वर्षीचा असेल तर सांगाडा तोच ठेवून नवा कागद लावा. दिव्यांच्या माळा जोडण्यापूर्वी तपासा. पुष्कळदा माळ गेलेली नसते, एक जोड सुटलेला असतो. कागद, गोठ्याचं गवत, एखादी नवी माळ, १,२०० मध्ये होईल. भेटवस्तूंना ३,५०० ठेवा: धर्ममाता (बाप्तिस्म्याच्या वेळची मानलेली आई) म्हणून द्यायची भेट १,०००, सहा मुलांना प्रत्येकी २५०, ऑफिसच्या सीक्रेट सँटाला ५००, आईला कपड्यांव्यतिरिक्त काहीतरी ५०० चं. सीक्रेट सँटाची रक्कम ऑफिसात आधी ठरवून घ्या, नाहीतर एकजण दीड हजाराचं आणतो आणि बाकीचे ओशाळतात. चोवीस-पंचवीसच्या जेवणाचे ६,००० भावाबरोबर निम्मे करा. मटण हाडासकट माणशी पाव किलो धरलं की पुरतं. आठ माणसांना दोन किलो. सांगून ठेवा, चोवीस तारखेला रांगेत उभं राहून मिळेल ते घेण्यात पैसेही जास्त जातात आणि तुकडाही मनासारखा मिळत नाही. पार्लरचे ३,००० होते, ते १,३००. एकूण २५,०००. ही रक्कम १ तारखेला दुसऱ्या खात्यात वळवा आणि नाताळचं प्रत्येक पेमेंट तिथूनच करा. दुसरं खातं नसेल तर आईच्या खात्यात. आईच्या खात्यातून खर्च करताना आपोआप दोनदा विचार होतो.

रोजच्या मजेबद्दल. शुक्रवारची २८० ची कॉफी महिन्याला ११२० होते. ती बंद करून वर्षात १३,४४० वाचतील हा हिशेब भावाचा बरोबर आहे, फक्त ते वाचत नाहीत. चार शुक्रवार मन मारलं की पाचव्याला मॉलमधून २,००० ची पिशवी घेऊन माणूस विरार लोकल पकडतो. आठवडाभर गर्दीत उभं राहून प्रवास करणाऱ्या बाईने एक तास बसून कॉफी प्यावी, हा खर्च माझ्या मते योग्य आहे. डिसेंबरात साडेसातचे साडेचार हजार मी एवढ्यासाठीच केले, की पार्लर आणि टॉप नाताळच्या यादीत आधीच आलेत. त्यापलीकडे तुमच्या मजेला हात लावलेला नाही.

खरा शोध त्या न कळणाऱ्या ८,००० चा घ्यायला हवा. माझा अंदाज, ते कार्डाच्या बिलांत आणि शंभर-दीडशेच्या यूपीआय पेमेंटमध्ये जातात. गेल्या सहा महिन्यांची कार्डाची बिलं उघडा आणि ५०० च्या वरच्या फक्त ओळी वहीत उतरवा. पानभर लिहून होण्याआधीच चित्र स्पष्ट होईल. छोट्या खर्चासाठी यूपीआय लाइट वापरा. त्यात एका वेळी कमाल ५,००० ठेवता येतात आणि एक पेमेंट १,००० पर्यंतचं करता येतं. उद्याच्या ३० नोव्हेंबरपासून २८ डिसेंबरपर्यंत पाच रविवार येतात. दर रविवारी ९०० भरा, झाले साडेचार हजार. आठवड्यातली कॉफी, वडापाव, गजरा, उबर सगळं त्यातून. शुक्रवारी शिल्लक ६० दिसली तर त्या शुक्रवारी कॅन्टीनची कॉफी. एक गोष्ट सांभाळा: रक्कम कमी झाली की आपोआप भरण्याची सोय चालू असेल तर बंद करा. ती चालू राहिली तर या सगळ्या खटाटोपाला अर्थ राहत नाही.

फोन. नो-कॉस्ट ईएमआयमध्ये बँक व्याज घेते, आणि दुकान तेवढी रक्कम आधी किमतीतून कमी करतं. ४८,००० च्या फोनवर १६ टक्क्यांनी बारा महिन्यांचं व्याज सुमारे ३,९०० होतं. ते तुम्हाला सवलतीच्या रूपात परत मिळतं, पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी, म्हणजे ७०० रुपये, तुमच्या बिलात येतो. वर प्रोसेसिंग फी १९९ आणि तिचा जीएसटी. एकूण ९४० च्या आसपास. फार नाही, पण 'नो-कॉस्ट'ही नाही. त्याशिवाय रोख घेणाऱ्याला मिळणारी सवलत ईएमआयवाल्याला मिळतेच असं नाही. दोन्ही किमती शेजारी लिहून बघा. फोन परत केला तर भरलेलं व्याज आणि फी बहुधा परत येत नाही, आणि मुदतीआधी कर्ज बंद केलं तर वेगळा आकार लागतो.

फोन घेऊच नका असं मी म्हणत नाही. शैक्षणिक कर्ज आणि फोन मिळून हप्ते १०,२०० होतील, पगाराच्या २२ टक्के, चालण्यासारखं आहे. क्रम मात्र चुकतोय. तुमची तक्रार बॅटरीची आहे. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला बॅटरी बदलायचा भाव विचारा. बहुतेक फोनना दोन ते चार हजारांत काम होतं, आणि ते जानेवारीच्या पगारातून करता येईल. तोपर्यंत लोकलमध्ये पॉवरबँक. बॅटरी बदलूनही फोन दमत असेल, तर जानेवारीपासून महिन्याला ४,००० बाजूला टाका. म्हणजे हप्ता झेपतो की नाही तेही कळेल आणि घेताना कर्जही कमी उचलावं लागेल.

गोव्याचे ४,००० गेले. जाल तरी गेले, नाही जाल तरी गेले. त्यांच्यासाठी आणखी १२,००० घालायचे का एवढाच प्रश्न उरतो, आणि ते १२,००० डिसेंबरच्या हिशेबात कुठेच नाहीत. तुमच्या जागी येणारी दुसरी मैत्रीण मिळाली तर आगाऊ रकमेतले थोडे तरी सुटतील. वर्षअखेरीच्या आठवड्यात गोव्यात राहण्याचे दर वर्षातले सगळ्यात चढे असतात. जानेवारीच्या शेवटच्या आठवड्यात, मधल्या वारी, तीच सहल पुष्कळ कमी पैशांत होते. २०२६ मध्ये राखेचा बुधवार, म्हणजे उपासकाळाची सुरुवात, १८ फेब्रुवारीला आहे, म्हणजे त्याआधी भरपूर वेळ आहे.

इन्सेंटिव्ह हाताशी येईपर्यंत नाहीच असं समजा. तोंडी सांगितलेले २५,००० अनेकदा मार्चच्या पगारात येतात आणि त्यातून कापाकापी होते ती वेगळी. आले तर पहिले ५,००० एसआयपीच्या राहिलेल्या हप्त्याला, मग बॅटरी किंवा फोन, मग जमलं तर गोवा.

पुढच्या नाताळसाठी ५ फेब्रुवारीला ३,००० ची नऊ महिन्यांची आरडी, म्हणजे दरमहा हप्ता भरायची ठेव, सुरू करा. बँकांच्या आरडी बहुधा तीन महिन्यांच्या पटीत असतात, म्हणून अकरा महिन्यांची मागितली तर मिळेलच असं नाही. शेवटचा हप्ता ऑक्टोबरात, ५ नोव्हेंबरला पैसे हातात. सहा टक्के धरले तरी २७,००० चे जवळपास २७,६७५ होतील, म्हणजे यंदाच्या यादीपेक्षा अडीच हजार जास्त. पोस्टाची आरडी या कामाला घेऊ नका, ती पाच वर्षांची असते. हे ३,००० त्याच ८,००० मधून. फोनसाठी ४,००० काढलेत तरी १,००० उरतात. लोकलचा पासही जानेवारीपासून तीन महिन्यांचा काढा. महिन्याच्या पासाच्या २.७ पट पैसे पडतात, म्हणजे दहा टक्के वाचतात. डिसेंबरात मात्र नको, हातात रोख कमी आहे.

जानेवारीत ऑफिसात गुंतवणुकीचे पुरावे मागायला सुरुवात होईल आणि कुणीतरी कर वाचवायला विमा पॉलिसी घेऊन येईल. नव्या करप्रणालीत पगारदाराला प्रमाणित वजावट धरून १२,७५,००० पर्यंतच्या पगारावर कर लागत नाही. तुमचा पगार त्याच्या खूप आत आहे, तेव्हा करासाठी काहीही घ्यायची गरज नाही. आणि ऑक्टोबर २०२६ मध्ये एफडीची मुदत संपेल, नेमकी पुढच्या नाताळच्या तोंडावर. बँकेत जाऊन आपोआप नूतनीकरण चालू आहे का ते या आठवड्यातच बघून या.